रेणूंचा वजनकाटा

ऊस पिकवणाऱ्या मुलखात 'काटा' या शब्दाला जितके अर्थ चिकटले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला चिकटले असतील. गळीत हंगाम सुरू झाला की दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती या पट्ट्यात पारावरची निम्मी चर्चा काट्याभोवती फिरते. कोणाचा काटा चोख, कोण काटा मारतो, बाहेरच्या काट्यावर गाडी किती भरली आणि आत किती भरली. भरलेली गाडी एकदा तोलायची, रिकामी करून पुन्हा तोलायची आणि वजाबाकी येईल तो ऊस. हिशेब इतका सोपा. पण वर्षभराच्या घामाची किंमत त्या एका आकड्यावर ठरते, म्हणून शेतकरी त्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो.

याच मुलखावर आता दुसऱ्याही एका काट्याचा अंमल चालतो, आणि त्याकडे मात्र कोणी डोळे वर करून पाहत नाही. द्राक्षाचा कंटेनर बंदरातून पुढे जाणार की नाही, कुरकुंभच्या कारखान्यात तयार झालेल्या औषधाची खेप बाजारात जाणार की नाही, पोलिसांनी पकडलेली पांढरी भुकटी साधे रसायन की वीस वर्षांच्या सक्तमजुरीचे कारण, या सगळ्याचा निवाडा हा काटा करतो. मराठी परिभाषेत त्याला द्रव्यमान वर्णपटमापक म्हणतात. इंग्रजी नाव मास स्पेक्ट्रोमीटर. कारखान्यातली पोरे नुसते 'मास' म्हणतात. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली आणि त्यातली पुष्कळशी या यंत्रासमोर. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत आली. उसाच्या काट्यावर शंका घेणारा माणूस या काट्यापुढे मात्र निमूट मान तुकवतो. "मशीनमध्ये आलंय" एवढे म्हटले की वाद संपतो. खरे तर वाद तिथे सुरू व्हायला हवा. कारण हे यंत्र वजन सांगते, नाव सांगत नाही. नाव माणूस ठेवतो.

खळ्यावरची उफणणी

यंत्राचे तत्त्व समजायला पदवी लागत नाही. ज्याने खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्याला ते अर्धे कळलेलेच असते. तिवड्यावर उभे राहून सूप ओतले की वारा सगळ्यांना सारखाच ढकलतो. दाणा जड म्हणून पायाशी पडतो, भुसा हलका म्हणून दूर जातो. ढकलणारा जोर एकच, पडण्याची जागा मात्र वजनाप्रमाणे वेगळी. रेणूंच्या बाबतीत वाऱ्याचे काम विद्युतक्षेत्र किंवा चुंबकक्षेत्र करते. पण हा वारा विद्युतभार नसलेल्या रेणूला लागत नाही. म्हणून आधी रेणूला विद्युतभार द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो. आणि वाटेत हवेच्या रेणूंशी धक्काबुक्की झाली तर सगळाच घोटाळा, म्हणून आतली हवा जवळजवळ पूर्ण उपसून टाकावी लागते. भार देणे, वजनाप्रमाणे वेगळे करणे आणि मोजणे, ही तीनच कामे. बाकी सारा कारागिरीचा भाग.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १९१३ च्या सुमारास निऑन वायूवर हा प्रयोग केला, तेव्हा छायाचित्राच्या काचेवर एकाऐवजी दोन खुणा उमटल्या. एक २० वजनाची, दुसरी २२ ची. निऑनचे सरासरी अणुभार २०.२ च्या आसपास येतो हे ठाऊक होते, पण तेवढ्या वजनाचा एकही अणू प्रत्यक्षात नव्हता. वीसवाले पुष्कळ आणि बावीसवाले थोडे, यांची ती सरासरी होती. थॉमसन यांचे सहायक फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये अधिक नेटके यंत्र बांधले, एकामागून एक मूलद्रव्यांचे असे 'समस्थानिक' शोधले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. पुढे वुल्फगांग पॉल यांनी चार दांड्यांवर उलटसुलट विद्युतदाब देऊन एका वेळी एकाच वजनाचा आयन पार जाईल अशी चाळणी बनवली. तिची भोके क्षणोक्षणी बदलता येतात. आज बहुतेक प्रयोगशाळांतील यंत्रांत हीच चाळणी असते. द्रवातले नाजूक रेणू न मोडता विद्युतभारित तुषारांतून उडवण्याची युक्ती जॉन फेन यांनी पक्की केली. तिला २००२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. हत्तीसारख्या अवजड रेणूंना आपण पंख दिले, असे फेन गमतीने म्हणत.

यंत्रातून शेवटी जे बाहेर येते तो असतो एक कागद. त्यावर आडव्या रेषेवर वजने मांडलेली आणि प्रत्येक वजनावर एक उभी रेघ. जितके आयन जास्त तितकी रेघ उंच. हाच वर्णपट. तो वाचणे ही खरी विद्या.

दारूचे तीन आकडे

उदाहरण आपल्याच अंगणातले घेऊ. मळीपासून मद्यार्क काढतात, तो इथिल अल्कोहोल. त्यात कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ असे धरले तर बेरीज होते ४६. यंत्रात या रेणूवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. काही रेणू नुसताच भार घेऊन निघतात. त्यांची ४६ वर लहानशी रेघ पडते. काहींचा एक हायड्रोजन निखळतो; ती रेघ ४५ वर. आणि पुष्कळांचा मधला सांधा तुटून १५ वजनाचा तुकडा गळून पडतो. शेहेचाळिसातून पंधरा गेले, राहिले एकतीस. सर्वांत उंच रेघ ३१ ची असते.

वाचणारा उलट दिशेने चालतो. फुटलेल्या माठाच्या खापऱ्या जुळवून माठ कसा होता ते सांगावे, तसे. पंधरा गेले म्हणजे कार्बनला तीन हायड्रोजन जोडलेला मिथिल गट गेला. एकतीस उरले म्हणजे ऑक्सिजन त्या दुसऱ्या तुकड्यात आहे. डायमिथिल ईथर नावाच्या वायूचेही वजन ४६ च आहे, अणूही तेच आणि तितकेच. पण त्याची जोडणी वेगळी असल्याने तो फुटताना ४५ आणि २९ च्या उंच रेघा देतो, ३१ ची रेघ जवळपास दिसत नाही. सगळे वजन सारखे, तरी फुटण्याची तऱ्हा वेगळी.

आता यातली मेख पाहा. मिथिल अल्कोहोल म्हणजे विष. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत दारूत हेच होते आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्याचे वजन ३२. एक हायड्रोजन गळला की ३१. म्हणजे पिण्याच्या दारूची सर्वांत उंच रेघ ३१ आणि मारणाऱ्या दारूचीही सर्वांत उंच रेघ ३१! नुसत्या एकतिसाकडे पाहणाऱ्याला दोन्ही एकच. पंचेचाळीस आणि शेहेचाळीस आहेत की नाहीत, बत्तिसाची रेघ किती, हे पाहिले तरच जीव घेणारे कोणते ते कळते.

म्हणून जाणते लोक नमुना थेट यंत्रात सोडत नाहीत. आधी तो एका लांब, बारीक नळीतून पुढे ढकलतात. नळीच्या आतल्या लेपाला काही रेणू जास्त चिकटतात, काही कमी. त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. यालाच क्रोमॅटोग्राफी म्हणतात. आमच्या वरवंडला तुकोबांच्या पालखीबरोबरच्या दिंड्या आपापल्या क्रमांकाने येतात, सगळ्यांची एकच गर्दी होत नाही. कितव्या क्रमांकाला आली यावरून अर्धी ओळख पटते, पताकेवरून उरलेली. इथेही तसेच. बाहेर पडण्याची वेळ ही एक साक्ष आणि वर्णपट ही दुसरी.

द्राक्षे आणि अठ्ठावन्न

२०१० च्या हंगामात महाराष्ट्राच्या द्राक्षबागायतदारांना या साक्षींची किंमत कळली. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष मर्यादेबाहेर निघाले आणि कंटेनर अडकून पडले. हे कीटकनाशक नव्हे. वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून ते खरड छाटणीनंतर फवारले जाई. बागायतदार त्याला 'लिहोसिन' म्हणून ओळखतात. युरोपातली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. दहा टन मालाच्या ट्रकमध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे एखाद्या गोळीएवढे!

माझ्या मेव्हण्याची इंदापूरकडे बाग आहे. त्याचा माल एका निर्यातदारामार्फत गेला होता. अहवालाचा कागद घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, "दाजी, मालावर एक थेंब मारला नाही. मारलं ते एप्रिलात, काडीवर. मग मार्चच्या मण्यात हे आलं कुठून? आणि हे मशीन चुकत नसंल कशावरून?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला पटायला वेळ लागला. हे रसायन वेलीच्या लाकडात मुरून राहते आणि पुढच्या हंगामाच्या फळात उतरते. दुसरा प्रश्न मात्र मला मोलाचा वाटला. असा प्रश्न विचारणारी माणसे कमी. मी त्याला पाटीवर मांडून दाखवले.

क्लोरमेक्वाटचा रेणू द्राक्षरसात आधीच धनभारित असतो. त्याचे वजन १२२. त्यात क्लोरीनचा एक अणू आहे, आणि निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा मिळतो, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. म्हणून १२२ च्या शेजारी १२४ वर तिच्या एकतृतीयांश उंचीची रेघ हवीच. ही जोडी म्हणजे क्लोरीनची सही. जोडी नसेल तर क्लोरीन नाही. (ब्रोमीनची सही निराळी; त्याच्या दोन रेघा जवळजवळ सारख्या उंचीच्या.) पण सहीवरही थांबायचे नाही. यंत्राच्या पहिल्या चाळणीतून फक्त १२२ ला आत घ्यायचे, मधल्या खोलीत वायूवर आपटून फोडायचे आणि दुसऱ्या चाळणीत तुकडे तोलायचे. दोन मुख्य तुकडे येतात: ५८ आणि ६३. आता १२४ ला तसेच फोडायचे. तुकडे येतात ५८ आणि ६५. पहिला तुकडा हलला नाही, दुसरा दोनने वाढला. म्हणजे क्लोरीन त्रेसष्टाच्या तुकड्यात आहे, अठ्ठावन्नाच्या नाही. साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारावे आणि जबाब जुळावेत, तसे हे. शिवाय दोन तुकड्यांच्या उंचीचे गुणोत्तर शुद्ध रसायनाच्या गुणोत्तराशी तीस टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे आणि नळीतून बाहेर पडण्याची वेळ मिनिटाच्या दहाव्या भागात. हे सगळे जुळले तरच नाव घ्यायचे, असा युरोपीय तपासणीचा दंडक आहे.

मेव्हणा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे चुकलेलं नाही." त्याचे नुकसान त्या पाटीने भरून निघाले नाही, पण आपल्याला कशावरून दोषी धरले ते त्याला कळले. पुढच्या वर्षी त्याने लिहोसिनला हात लावला नाही.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. निर्यातीपूर्वी द्राक्षांची तपासणी इथे होतच होती. दौंडहून पुण्याला जाताना रेल्वेमार्गावर मांजरी लागते. तिथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही तिथेच. पण तोवर तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हते. यादीप्रमाणे चालवलेले यंत्र ठरलेल्या जोड्यांनाच दार उघडते. बाकीचे समोरून गेले तरी त्याला दिसत नाहीत. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला विचारलेच नव्हते. त्यानंतर ते यादीत आले.

या ५८ ला विसरू नका. तो आकडा पुन्हा भेटणार आहे, आणि या वेळी थेट आमच्या तालुक्यात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. देशभर बातमी झाली आणि पिढ्यानपिढ्या जंक्शनमुळे ओळखले जाणारे दौंड काही दिवस निराळ्याच कारणासाठी चर्चेत राहिले. त्या खटल्यात कोण दोषी हा न्यायालयाचा विषय; त्यातल्या तपासण्यांबद्दलही मला काही म्हणायचे नाही. मला सांगायचे आहे ते या पदार्थाच्या वर्णपटाबद्दल. मेफेड्रोनचे वजन १७७. पण इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की मूळ रेणूची रेघ जेमतेम दिसते आणि सर्वांत उंच रेघ येते ५८ वर. तेच अठ्ठावन्न! सर्दीच्या औषधांत वापरल्या गेलेल्या एफेड्रिनची सर्वांत उंच रेघही ५८ चीच.

कोणी म्हणेल, अधिक बारीक काटा वापरा. काही ठिकाणी तो उपाय चालतो. नायट्रोजन वायू आणि कार्बन मोनॉक्साइड दोघांचेही वजन २८, पण दशांशाच्या पुढे गेले तर एक २८.००६ आणि दुसरा २७.९९५. चांगले यंत्र हा फरक सहज दाखवते. इथे मात्र तोही उपाय चालत नाही. कारण द्राक्षातल्या तुकड्यात, एफेड्रिनच्या तुकड्यात आणि मेफेड्रोनच्या तुकड्यात अणू तेच आहेत: कार्बन तीन, हायड्रोजन आठ, नायट्रोजन एक. 'कमल' आणि 'कलम' या शब्दांत अक्षरे तीच, तसेच. कितीही बारीक तोला, वजन एकच येणार.

मग ओळखायचे कसे? बाकीच्या खापऱ्यांवरून. मेफेड्रोनमध्ये ११९ आणि ९१ च्या रेघा हव्यात. त्यांच्यातला फरक २८, म्हणजे ११९ मधून कार्बन मोनॉक्साइड गळून ९१ उरले. एफेड्रिनमध्ये ही साखळी नाही. इतके झाल्यावरही एक अडचण उरते. मेफेड्रोनचे दोन सख्खे भाऊ आहेत. त्यांच्यात एकच मिथिल गट कड्यावरच्या शेजारच्या जागी बसलेला. वजन तेच, तुकडेही जवळपास तेच. त्यांना वेगळे करायला नळीतून बाहेर पडण्याची वेळ लागते, अवरक्त वर्णपट लागतो. एकट्या 'मास'चे ते काम नव्हे.

या बारकाव्यामागे माणसांचे आयुष्य असते. अमली पदार्थविषयक कायद्यात ५० ग्रॅम मेफेड्रोन ही व्यापारी मात्रा धरली जाते. शिक्षा दहा ते वीस वर्षे. आणि सरकारी रासायनिक तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम २९३ मध्ये ही सोय होती. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ती आहे. न्यायालयाला तज्ज्ञाला बोलावता येते, पण त्याला काय विचारायचे ते कोणाला तरी ठाऊक असावे लागते. 'पॉझिटिव्ह' या एका शब्दामागे किती रेघा जुळल्या, हे विचारणारा वकील मिळाला नाही तर निर्दोष माणूस अडकू शकतो. आणि तपासणी ढिसाळ असेल तर तोच प्रश्न पुढे करून गुन्हेगार सुटूही शकतो. नेमकेपणा दोघांनाही हवा असतो. एकाला वाचण्यासाठी, समाजाला दुसऱ्यापासून वाचण्यासाठी.

उसाला ऊस कसा ओळखणार?

या काट्याच्या मर्यादाही आपल्याच शिवारात दिसतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका या वनस्पती हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. बहुतेक झाडे, वेली, फुले दुसऱ्या रीतीने. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंत साधारण एक १३ वजनाचा, जड असतो. ठरावीक प्रमाण नमुन्यात असे जड अणू हजार धरले, तर उसाच्या साखरेत तितक्याच कार्बनामागे ते सुमारे ९८८ भरतात, आणि फुलझाडांच्या मधात सुमारे ९७५. तेरा-चौदाचा हा फरक समस्थानिक मोजणारे यंत्र लीलया टिपते. त्यामुळे मधात उसाची साखर घालणारा पकडला जातो.

मग भेसळ करणारे हुशार झाले. तांदळाची गणना फुलझाडांच्याच गटात होते. तांदळाचा पाक मधात घातला की कार्बनचा हिशेब बिघडतच नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये मधातल्या पाकाच्या भेसळीवर बोट ठेवले, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांत पास झालेले नमुने दुसऱ्या जातीच्या तपासणीत नापास झाले होते.

आणि आमचा गूळ? केडगाव, राहू, पाटस या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी कमी नाहीत आणि गुळात साखर मिसळल्याच्या बातम्याही दौंडकरांना नव्या नाहीत. इथे कार्बनचा काटा हात टेकतो. साखरही उसाची, गूळही उसाचा. जड कार्बन दोघांतही तितकाच. उसाला ऊस कसा ओळखणार? तिथे गुळातली खनिजे, रंगद्रव्ये, रसातले इतर घटक यांच्याकडे वळावे लागते. यंत्र कोट्यवधी रुपयांचे असले तरी प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर शून्य.

पावती मागा

म्हणून माझे सांगणे एवढेच, की प्रयोगशाळेचा कागद हाती आला तर भिऊ नका आणि डोळे मिटून मानही डोलावू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला: किती रेघा जुळल्या? एका रेघेवर कोणाचे नाव घेऊ नये. दुसरा: शुद्ध नमुना त्याच दिवशी, त्याच यंत्रावर चालवला होता का, आणि दोघांच्या वेळा जुळल्या का? तिसरा: कोरा नमुना चालवला होता का? म्हणजे ज्यात काहीच नाही असा, आधीच्या नमुन्याचे खरकटे नळीत राहिले नाही ना हे पाहण्यासाठी. उसाच्या काट्यावर रिकामी गाडी तोलतात ती याचसाठी. आणि अहवालात 'आढळले नाही' असे लिहिले असेल तर काय काय शोधले होते त्याची यादी मागा. न शोधलेले आढळत नाहीच.

चांगली प्रयोगशाळा या प्रश्नांनी रागावत नाही. तिच्या कपाटात हे सगळे कागद क्रमवार लावलेले असतात. जिथे प्रश्न विचारताच कपाळाला आठ्या पडतात, तिथे आणखी दोन प्रश्न विचारावेत. यंत्रे दरवर्षी अधिक बारीक होत आहेत. पूर्वी ज्या अंशाचा पत्ताही लागत नसे तो आता दिसतो. जितके बारीक दिसते तितके नाव ठेवताना सावध राहावे लागते. अठ्ठावन्न हा आकडा द्राक्षाचाही आहे, सर्दीच्या औषधाचाही आहे आणि नशेच्या भुकटीचाही. तो कोणाचा हे ठरवणारा माणूस असतो, आणि त्याने ते कशावरून ठरवले हे विचारण्याचा हक्क ज्याचे नाव कागदावर येते त्याला आहे.